“ते वावरात गेले”

वडनेर भोलजीच्या आमच्या घरात ईमेल येण्याच्या कितीतरी आधीपासून स्पॅम फिल्टर होता. तो म्हणजे माझी आई. बीटी कपाशी आल्यापासून उन्हाळाभर बियाण्यांचे एजंट दारोदार फिरायचे. खांद्याला बॅग, हातात चकचकीत कागद आणि पहिल्याच वाक्यात ‘बंपर’ आलं, की आई दारातूनच सांगायची, “ते वावरात गेले.” बाबा तेव्हा आत पंख्याखाली घोरत असायचे.

बाबांना मोबाइलवर ईमेल मी शिकवला. जाहिरातींना ते वैतागले, तेव्हा म्हटलं, “बाबा, यातबी एक आई बसली हाये.” मेल कुणाचा, त्यात शब्द कोणते, असलंच काही तुम्ही आधी फेकलंय का, हे बघून ती नको ते स्पॅममध्ये टाकते. तुम्ही ‘स्पॅम’ दाबाल तशी शिकत जाते. बाबांना खेळच मिळाला. बियाणं, कपाशी, बोंडअळी, यातलं काहीही दिसलं की अंगठा पडलाच.

त्या वर्षी बीटी असूनही बोंडं अळीनं पोखरली. बाबांनी तालुक्याच्या कृषी कार्यालयात बियाण्याची तक्रार केली. पाहणीला कधी येऊ ते ईमेलनं कळवतो, असं उत्तर मिळालं. उभं पीक हाच पुरावा, म्हणून बाबा पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडांना, हात लावेनात. मेल काही येईना. रोज फोन उघडून बघणारे बाबा बघवत नव्हते मला.

“हरभरा पेरायचा टाइम जाऊन राह्यला, आता काऊन थांबू?” म्हणत एका सकाळी ते पऱ्हाटी उपटायला गेले.

दुपारी बॅगा अडकवलेली दोन माणसं दारात आली. “बियाण्याबद्दल...” एवढं ऐकून आईनं पुढचं ऐकलंच नाही. सवयीनं म्हणाली, “ते वावरात गेले.”

माणसं सरळ वावरात पोचली. बरीच पऱ्हाटी अजून उभी होती. पाहणी झाली. “ईमेल केला होता की,” त्यातले साहेब म्हणाले.

संध्याकाळी मी स्पॅम उघडला. बंपर उत्पन्नाच्या गर्दीत तो मेल पडला होता. बियाणं, कपाशी, बोंडअळी, सगळं होतं त्यात. बाबांना ‘स्पॅम नाही’ दाबायला लावलं, म्हणजे पुढच्या वेळी फिल्टर चुकायचा नाही.

आई चहा गाळत होती. “तुह्या फोनातल्या आईनं त लपवूनच ठेवलं,” ती म्हणाली. “म्या निदान वावरात त धाडलं.”