दोन थापांमधला आवाज

१५ जून १९९९, सकाळ, भंडाऱ्याचं बसस्टँड. हजर: आई, बाबा, धाकटी बहीण सुनंदा आणि मी. सामान: ट्रंक, वळकटी, टेपरेकॉर्डर. गाडी सुटताना बाबांनी खिडकीतून त्यांची जुनी खंजिरी आत दिली. "चामडं गार पडलं का बोलत नाही. पहिले शेकजो, मग वाजवजो."

बाबा राइस मिलमध्ये यंत्राच्या कोंडा पडणाऱ्या तोंडाशी काम करायचे आणि संध्याकाळी भजनात खंजिरी वाजवायचे. खोकला आला की आई म्हणायची, "कोंड्याचा हाय, गूळ खा."

पुण्यात मला सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली. दुसऱ्याच्या कामातले दोष शोधायचे, तारखेसह यादी करायची. पुढे कॉम्प्युटरवर संगीताचे आवाज घडवायला लागलो आणि तोच धंदा झाला. खंजिरीची एक थाप रेकॉर्ड करायची, तिला खालून वजन द्यायचं, वरून धार द्यायची. मग कुणीही बटण दाबून ती आपल्या गाण्यात वाजवावी. कर्वेनगरच्या घरमालकीणबाई जिन्यातून विचारायच्या, "अहो, आपलं संगीत चाललंय की नळदुरुस्ती?"

थापा मात्र बाबांच्याच. दर दिवाळीला घरी जाऊन रेकॉर्ड करायच्या, फायलीला वर्ष आणि क्रमांक द्यायचा. दोन थापांमध्ये पंख्याची घरघर, बाबांचा श्वास असं काहीबाही यायचं. ते कापायचं. कापलेले तुकडेही मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. टाकवत नाही काही. एका वर्षी ते तुकडे वीसपट ताणले, खालच्या पट्टीत नेले आणि त्यातून सुरावटीसाठी एक आवाज तयार केला. लांब, अंधुक, दाराबाहेर कुणी उभं असल्यासारखा. भुतांच्या मालिकावाले आजही तोच मागतात.

यंदाच्या दिवाळीत बाबा चार थापांनंतर थांबले. खंजिरी मांडीवर ठेवली. "मशीन बंद कर जरा."

त्यांना आणि सुनंदाला घेऊन पुण्याला आलो. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. "काका, कधीपासून हा त्रास?"

"यंदाच," बाबा म्हणाले.

"दोन वर्षं झाली असतील," सुनंदा म्हणाली.

घरी येऊन मी तुकड्यांचं फोल्डर उघडलं. आधी तो ताणलेला आवाज लावून पाहिला. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोन दमून राहिलं बापा?"

मग मूळ तुकडे वर्षवार ऐकले. पहिली सहा वर्षं साधा श्वास. सातव्या वर्षी त्याच्या शेवटी बारीक शिटी. नंतर दर वर्षी ती लांबत गेलेली. सगळं माझ्याकडे होतं, तारखेसह.

सुनंदा मागे उभी होती. "मी रोज आयकतो, म्हणून मले समजलं नाही, दादा. तू तं कान लावून कापत होता."

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठे असं विचारलं की मी इतकी वर्षं भंडारा सांगायचो. सध्या घर माझ्या आतल्या खोलीत तीन उशांना टेकून बसलं आहे. आडवं झालं की त्याला दम लागतो.

उद्या अकराला डॉक्टरांकडे रिपोर्ट. जुने कागद घेतले. गोळ्यांची यादी केली. कोणत्या वर्षी शिटी किती लांब, तेही लिहून काढलं. फक्त यंदाची फाइल राहिली आहे. बाबांनी बंद कर म्हटल्यावरही मशीन बराच वेळ चालूच होतं. ती अजून उघडलेली नाही.