रिकाम्या पोटी ताकद

रिसोडला माझं मेडिकल आहे. डॉक्टरांपुढं गप्प बसणारी माणसं माझ्या काउंटरवर सगळं बोलतात. त्यामुळे दुकानात गोळ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातही पोटाचे आणि टॉनिकचे म्हणाल, तर स्टॉक कधी संपतच नाही!

*

एक गुरुजी ताकदीसाठी लोहाच्या गोळ्या घ्यायचे. महिनाभरानं पोट धरून आले.

“रिकाम्या पोटी घेता का?”

“मंग? गोईले आत जागा नको काय!”

*

सखूमावशींना अल्सर निघाला. डॉक्टरांनी गुडघेदुखीची गोळी बंद करून अल्सरची लिहून दिली, तरी त्या गुडघ्याचीही मागू लागल्या.

“मावशी, तिनंच पोटात जखम केली!”

“मंग दोनी गोया एकाच पुडीत बांध. आत गेल्यावर आपसात पाहून घेतीन!”

मी एकच बांधली. अल्सरची.

*

मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा रामधन सासरवाडीला आला होता. पोटदुखीवर टॉनिक मागू लागला. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. अल्सर निघाला, जंतूंमुळे झालेला. गड्यानं चौदा दिवसांचा कोर्स एकही गोळी न चुकवता संपवला. पुन्हा तपासणी केली, तर जंतू साफ!

“ताई, डॉक्टरले सांगा, पोटात जंतू व्हते म्हून सही-शिक्क्यानं लिहून द्या.”

“कशाला रे?”

“सासरा म्हन्ते, जावई पोटाचं सोंग करून राह्यला. त्याले दाखवाचं हाय!”

*

भानुदासकाका भाजीपाला पिकवतात. कुण्या एजंटाकडून त्यांनी सांधेदुखीची ‘आयुर्वेदिक’ भुकटी घेतली. गुडघे एवढे मोकळे झाले, की वांग्याच्या वाफ्यात दिवसभर उकिडवे बसायचे! एक दिवस काकू त्यांना धरून दुकानात घेऊन आल्या. चेहरा पांढराफटक.

“चक्कर येते म्हन्तेत. ताकदीचं काई दे.”

“काकू, शौचाला काळं होतं का?”

“डांबरावानी!”

मी टॉनिकला हातही लावला नाही. गाडी बोलावून तडक अकोल्याला धाडलं. अल्सरमधून रक्त वाहत होतं. रक्त चढवलं, काका वाचले. भुकटीत दुखणं दाबणारं औषध कालवलेलं असणार, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

पंधरा दिवसांनी काका वांगी घेऊन आले. “तू व्हती म्हून वाचलो, पोरी.”

माझे डोळे भरून आले. “तो भुकटीचा डबा फेकलात ना?”

“फेकाचा कायले? अर्धा भरेल व्हता. शेजारच्या नामदेवले देला. त्याचे गुडघे लय दुखतेत!”

मी स्कुटीची किल्ली उचलली.

“बसा मागं, घर दाखवा!”