धुऱ्यावरची रक्ततपासणी

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. अड्याळजवळच्या आमच्या गावात एका धर्मादाय संस्थेच्या अनुदानातून सिकलसेलची तपासणी सुरू झाली. गावातली कार्यकर्ती म्हणून मला घेतलं. बारावी पास, अंगात कोरा पांढरा कोट आणि तोंड जन्मापासून तिखट. मी घरोघरी जाऊन सांगायची, हा रोग आईबापाच्या रक्तातून येतो, सांधे ठणकतात, दम लागतो, अशा माणसाला नावं ठेवू नका.

पहिलं शिबिर आम्ही विहारात ठेवलं, तेही ऐन रोवण्यात, भातलावणीच्या दिवसांत, सकाळी दहाला. चिटपाखरू फिरकलं नाही. नागपूरहून आलेले डॉक्टर वैतागले. "फुकट असूनही लोकांना नको आहे!"

माझं डोकं फिरलं. "साहेब, रोवणा गुत्त्यानं, ठेक्यानं राहते. टोळीनं धानाची अख्खी बांधी अंगावर घेतली असते. एक बाई निघाली का तिच्या वाट्याचं धान बाकीच्यायले लावा लागते. कोन येईन इथं?"

चूक खरं तर माझीच होती. तारीख मीच दिली होती. पण डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "मग आपणच जाऊ."

संस्थेच्या पैशातून घेतलेली गाडी धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत नेली. बायका एकेक करून बांधीतून वर यायच्या. बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. आम्ही ती पिण्याच्या पाण्यानं धुवायचो, पुसायचो आणि सुई टोचायचो. रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात टाकायचा आणि नळी रेघा मारलेल्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर बाई पुन्हा चिखलात. नाही दिसल्या तर रोगाचा संशय, रक्त पुढच्या तपासणीला नागपूरला.

माझी वहिनी त्या टोळीत नव्हती. रोवताना बायका रांगेनं मागे मागे सरकतात. वहिनी कंबर धरून मध्येच उभी राहायची, तिची ओळ तशीच पडायची. दोन हंगाम सोसून टोळीच्या म्होरक्या बाईनं तिला काढून टाकलं. घरी माय म्हणायची, "खाले पुढं, कामाले मागं." आणि मी तिला महाराणी म्हणायची. दिवसभर गावाला सिकलसेल शिकवायची आणि संध्याकाळी घरी येऊन हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो दुसरा कुठला?

दुपारी वहिनी आमचा डबा घेऊन धुऱ्यावर आली. डबा ठेवला आणि माझ्यापुढे बोट केलं. "बाई, माहं बी पाहून घ्या."

"तुले काय झालं?" मी म्हणाले. "आळसाची तपासनी नाही होत याच्यात."

बायका खो-खो हसल्या. वहिनीही हसली, पण बोट मागे घेतलं नाही. डॉक्टरांनी सुई टोचली. नळी कागदापुढे धरली आणि एकही रेघ दिसेना. नळीवर वहिनीचं नाव मीच लिहिलं.

पंधरा दिवसांनी कागद आला. रोग आईकडूनही आलेला, बापाकडूनही, पूर्ण. थंड पाण्यात तासन्‌तास उभं राहिलं की तिचं दुखणं उसळायचं, आणि आम्ही तिला तिथंच ढकलत होतो. वर्षभराच्या गोळ्या अनुदानातून मिळाल्या. नाहीतर सुनेच्या गोळ्यांसाठी आमच्या घरातून नागपूरला कोण गेलं असतं? मी तर नाहीच. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मायनं सुनेसाठी पाणी गरम केलं.

मी वहिनीला सगळं समजावलं. ऐकून ती म्हणाली, "बाई, हा कागद धुऱ्यावर वाचसान का? जेथं हासल्या होत्या तेथं."

"कायले? लोकायले तुहा आजार सांगाचा?"

"आजार कळला तं कळला. पन मी कामचोर नाही, हे कळू द्या."

मी वहिनीला घेऊन गेले. रोवण्याचे शेवटचे दिवस होते. बायका बांधीतच उभ्या राहिल्या आणि मी वाचलं. नाव, वय, रोगाचं नाव. कागद संपला, तरी मी थांबले नाही. "हिले आळशी म्हननारी मीच पयली होती," म्हणाले, "पांढरा कोट घालून. वहिनी, मले माफ कर."

म्होरक्या बाईनं हात धुतले आणि ती वर आली. पऱ्ह्याचा, भाताच्या रोपांचा ढीग तिनं वहिनीपुढे सरकवला. "बांधीत नोको उतरू. इथं कोरड्यात बसून जुड्या बांधून दे. वाटा आमच्या बरोबरीचा."

कागद आला त्या दिवशी न रडलेली माझी वहिनी तिथं मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. रडता रडताच तिनं पहिली जुडी बांधली.