कुहीच्या पुढची पाकिटं

इंदुताई भोयर यांचं कुरिअरचं दुकान नागपूरच्या सदर भागात आहे. नवऱ्यानं सुरू केलेलं, तो गेल्यावर त्यांनी चालवलेलं. दोन स्कूटर, एक जुनी व्हॅन आणि मोजकी माणसं. धंद्याचा कणा होता एका सहकारी बँकेचं काम: चेकबुकं, कार्डं, नोटिसा नागपूर शहरात आणि कुही तालुक्यात पोचवायच्या. गेल्या वर्षी ते काम सरकारी टपालाकडे गेलं. टपालानं लावलेल्या दरात इंदुताईंचं पेट्रोलही सुटलं नसतं.

पत्रांवरची टपालाची मक्तेदारी आता कायद्यातूनही गेली आहे. म्हणजे सगळे एकाच आखाड्यात. पण एकाची तूट सरकार भरतं, दुसऱ्याची कोणीच भरत नाही, मग ही कुस्ती कसली, असा इंदुताईंचा सवाल. त्यांनी दिल्लीला स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. ती टिकली तर बँकेच्या पुढच्या निविदेत उभं राहण्याची आशा होती. नाही तर दुकानाला टाळं.

थोरले भाऊ चंपतराव कुहीला असतात. त्यांची सगळी नोकरी तिथल्याच डाकघरात झाली. इंदुताई भेटायला गेल्या, तर चहा यायच्या आधीच त्यांनी तोंड सोडलं.

"काहून वं इंदे, डाकेच्या मागं लागून राहिली? तुह्या भावानं तिचीच भाकर खाल्ली."

"भाकरीवर माहं काही म्हणणं नाही, दादा. दरावर आहे."

"मंग हे बी लिहिलं का तक्रारीत? कुहीच्या पुढं तुहे पाकिटं आमीच वाटत होतो."

"सगळेच कुरिअरवाले तसं करतेत."

"सगळे तक्रार करून राहिले का?"

धंद्याची ही जुनी रीत आहे. लांबच्या खेड्यात एका पाकिटासाठी माणूस पाठवणं परवडत नाही, म्हणून अशी पाकिटं तालुक्याच्या डाकघरातून पुढं रवाना करायची आणि गिऱ्हाइकाला 'पोचलं' म्हणून सांगायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. इंदुताईंनाही वाटलं नव्हतं. 'संपूर्ण कुही तालुक्यात आम्ही स्वतः सेवा देतो,' असं त्यांनी तक्रारीत शपथेवर लिहून दिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्या वकिलाकडे गेल्या. विहंग देशकर, भोयरांच्या घरोब्यातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, समोरच्यांना हे अजून सापडलेलं नाही. गप्प राहू या."

"अन् सापडलं तं?"

"तर मूळ प्रश्न बाजूला राहील आणि तुमच्या शपथेवरच बोलतील."

"मंग आपणच सांगू."

"मग खेड्यांबद्दलची अर्धी तक्रार हातची जाईल."

"जाऊ दे. उरली तेवढी तं खरी राहील. लिही तू."

विहंगनं पुन्हा एकदा समजावून पाहिलं. मग लिहायला घेतलं. चुकीचं विधान मागे घेतलं आणि मागणी मर्यादित केली. खेड्यांत टपाल पोचवण्यासाठी सरकारनं पैसा द्यावा, याला हरकत नाही. नफा नसताना तिथं दुसरं कोण जाणार? मात्र त्या पैशाचा हिशेब वेगळा असावा. खेड्यांच्या नावानं आलेला पैसा सदरच्या पाकिटाचा दर पाडायला वापरला जातो का, एवढंच तपासावं. टपालाचं उत्तर आलं: माणसं तीच, थैली तीच, शहराचा आणि खेड्याचा खर्च वेगळा काढायचा कसा? शिवाय तक्रारदार स्वतःच आमचं गिऱ्हाईक. हा टोला अपेक्षितच होता. इंदुताईंनी तो आधीच कबूल केलेला असल्यानं पुढं फारसा चालला नाही.

तिथं इंदुताईंची सेवाच नाही म्हणून आयोगानं खेड्यांचा मुद्दा फेटाळला. शहरातल्या दराची चौकशी मात्र लावली. ती अजून चालू आहे, आणि टपालाचा दर खरोखर तोट्यातला होता की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

दरम्यान बँकेनं नवी निविदा काढली. या खेपेला शहराचे आणि खेड्यांचे दर वेगवेगळे मागवले होते. इंदुताईंनी शहराचा दर भरला. कुहीच्या पुढच्या गावांसमोर लिहिलं, 'आमची सेवा नाही.'

शेजारच्या कुरिअरवाल्यानं ते वाचून कपाळाला हात लावला. "भाभी, असं लिहिते का कोणी? घ्या काम, द्या डाकेत टाकून."

"जात नाही तं नाही जात," इंदुताई म्हणाल्या आणि पाकीट चिकटवून स्वतःच बँकेकडे निघाल्या.