कंबरेच्या गोळ्या

यवतमाळच्या एका दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावून बसले होते. शेजारी पन्नाशीची एक बाई होती, कापूस वेचून बोटं ओरखडलेली. तिला स्वतःला दाखवायचं नव्हतं. शेजाऱ्यांच्या बाळंतीण सुनेला ती घेऊन आली होती.

नाव पुकारलं तशी सून उठली.

"आत काय सांगशील?" बाईने विचारलं.

"कंबर दुखते म्हणून."

बाईने हात धरून तिला परत खाली बसवलं. "कंबर नोको सांगू. अंग बाहेर येते, असं मले सांगतलं तसंच सांग. माह्या बाळंतपणात दोन दिवस पोरगं अडून बसलं, तवापासून माह्यं अंग बाहेर येत होतं. मी लाजेनं कंबरच सांगत होती. सात वर्सं कंबरेच्या गोळ्या खाल्ल्या! अवं, न सांगता डॉक्टरणीले कसं समजन?"

समोरचे दोन पुरुष छताकडे पाहू लागले. ही ढिम्म. जे आम्ही बायका एकमेकींच्या कानात सांगतो, ते तिने बाजारात हाक मारावी तसं मोकळ्या गळ्याने सांगितलं होतं. मग सुनेचा पदर सारखा करून तिने तिला आत पाठवलं.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. धाकट्याच्या वेळेपासून, चार वर्षं, मलाही तोच त्रास होता. हातातल्या केसपेपरवर मात्र मीच सांगून लिहून घेतलं होतं: कंबरदुखी.

पर्समधून पेन काढून मी ते खोडलं.