देव्हाऱ्यात पितळ नव्हतं

ती घटना आजही आठवली, की आधी चिंचेचा वास येतो, माणसं नंतर. पोलीस खात्यात सत्तावीस वर्षं काढली. चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, हिवाळ्यात रस्त्याकडेला गोठलेली माणसं उचलली. पण माझी झोप कायमची उडवली ती कॅनडातल्या ग्वेल्फ शहरातल्या एका सरळमार्गी मराठी घराने. नावं सांगणार नाही. ते कुटुंब अजून त्याच घरात राहतं.

खबर आली ती रुग्णालयातून. सतरा महिन्यांच्या एका मुलीला झटके येत होते. तिच्या रक्तात शिसं सापडलं, आणि तेही थोडंथोडकं नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही देशी औषध देता का? वडिलांनी सांगितलं, माझी आई तिला गुटी देते. झालं, डॉक्टरांचा फोन बालसंरक्षण विभागाला गेला आणि तिथून आमच्या ठाण्यावर आला. देशी औषधांत कधीकधी शिसं सापडतं हे आम्हालाही माहीत होतं. ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच, म्हणून फाईल माझ्या टेबलावर आली. वरिष्ठ म्हणाले, "त्या बाई तुझ्याशी बोलतील, तू त्यांच्यातला आहेस." मला त्याचा थोडा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू.

मुलीचे वडील नागपूरकडचे, सॉफ्टवेअरमध्ये. आई टोरोंटोला बँकेत, सकाळच्या गाडीने जायची ती संध्याकाळी परत. मूल सांभाळायला आजीला दोन वर्षांच्या व्हिसावर आणलेलं. मी गेलो तेव्हा सुनेने दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. आजी सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसली होती. स्वयंपाकघरातून मी गुटी उगाळायची सहाण ताब्यात घेतली, सोबत गुटीच्या डबीतलं हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावली. सहाण हातात घेतली तेव्हा म्हातारी म्हणाली, "माझ्या सासूची आहे जी. सांभाळून न्या."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबाब घेतला. तिचे हक्क मराठीत वाचून दाखवले, वकील मिळू शकतो हेही सांगितलं. ती म्हणाली, "वकील कशाला? मी तर खरंच सांगणार." पोलिसाच्या कानाला याहून गोड वाक्य नसतं.

मी दोन तास घेतले. आवाज एकदाही चढवला नाही. मावशी म्हणालो, चहा मागवला, पोटाला हात धरून बसली होती तेव्हा गरम पाणी दिलं. पोट दुखतं का विचारलं, तर म्हणाली, महिनाभर दुखून राहिलं. मला वाटलं, भीतीने दुखत असेल. तिच्या बोटांना चिंचेचा वास होता आणि नखांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. माझी आई सणाच्या आधी देवाची भांडी चिंचेने घासायची, तेव्हा तिचीही नखं अशीच व्हायची. मला बरं वाटलं. विचारलं काहीच नाही.

"मावशी, तुम्ही दिलेल्या कशाने हे झालं असेल का?"

"मी काय पोरीचं वाईट करीन का जी?"

"मुद्दाम नव्हे. चुकून."

ती म्हणाली, "दिवसभर ती माझ्याजवळच असते. खाऊ मी घालते, न्हाऊ मी घालते. दुसरं कोणी हात लावत नाही. म्हणजे माझ्याच हातानं झालं असंन. लिहा तुम्ही."

मी लिहिलं. खाली तिने मोडकीतोडकी सही केली.

सरकारी वकील म्हणाले, यात हेतू नाही, अज्ञान आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबू. तोवर आजीने नातीला भेटायचं नाही, अशी अट बालसंरक्षण विभागाने घातली. तिला टोरोंटोजवळ रिचमंड हिलला एका ओळखीच्यांकडे ठेवलं. तिथून मुलाने परतीचं तिकीट काढलं. मी हरकत घेतली नाही. जाताना नातीला लांबून तरी दाखवा, म्हणाली. अटीत बसत नव्हतं.

ती गेली आणि दोन आठवड्यांनी अहवाल आला. सहाण स्वच्छ. हळकुंड, वेखंड, सगळं स्वच्छ. शिशाचा कणही नव्हता.

मी पुन्हा त्या घरी गेलो. दुपारची वेळ होती, बाहेर मुलीचे वडील ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते. मुलगी रुग्णालयातून घरी आली होती आणि आईच्या मांडीवर शांत बसली होती. आजारापूर्वी तिला चार शब्द येत होते, असं सुनेने सांगितलं. आई, बाबा, आजी आणि इंग्रजीतलं 'मोअर'. आता एकही येत नव्हता. मी हाक मारली, तिने बघितलं नाही.

कुठे बघावं कळेना म्हणून मी देव्हाऱ्याकडे बघितलं. भिंतीवरची एक फळी, तिच्यावर तसबीर, स्टीलचं निरांजन आणि चांदीचा छोटा गणपती. मी उठून जवळ गेलो. समई नाही, घंटा नाही, ताम्हण नाही. अख्ख्या देव्हाऱ्यात पितळेचं काही नव्हतं.

"तुमच्या सासूबाई चिंचेने काय घासायच्या?" मी विचारलं.

सून म्हणाली, "ते ना, ह्याच्या हॉबीचं. बेसमेंटमध्ये आहे."

बेसमेंटमध्ये एका टेबलावर बंदुकीच्या गोळ्या भरायचं हातयंत्र होतं आणि खाली प्लास्टिकच्या चार बादल्या, काठोकाठ रिकाम्या पुंगळ्यांनी भरलेल्या. गोळी उडून गेल्यावर जी पितळेची नळी उरते, ती पुंगळी. हा गृहस्थ दर रविवारी क्लबात निशाणेबाजीला जायचा, तिथल्या वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून आणायचा, साफ करायचा आणि पुन्हा भरायचा. परवाना होता, सगळं कायदेशीर. पुंगळीच्या आत जी काळी काजळी बसते, तिच्यात शिसं असतं. दोन बादल्या काळ्या होत्या. दोन इतक्या लख्ख की नव्या वाटाव्यात. शेजारी हातमोज्यांचा खोका आणि धुळीचा मास्क.

मी त्याला खाली बोलावलं.

"या कोणी घासल्या?"

तो बुटांवरचा बर्फ झटकू लागला. "सर, मी पुंगळ्या साफ करायचा टम्बलर घेतला होता. पण त्याचा आवाज फार, बेबी उठायची. आई दिवसभर घरात बोअर व्हायची. तिने पितळ बघितलं आणि म्हणाली, आण, चिंचेनं चमकवून देते. शी वॉज सो हॅपी, सर. क्लबमध्ये सगळे विचारायचे, तुझ्या पुंगळ्या एवढ्या शाइन कशा करतात."

"कशात भिजवायची?"

"परातीत."

"कणकेच्या?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"वाळत कुठे घालायची?"

"हॉलमध्ये, काचेच्या दारापाशी. जुनी साडी अंथरून. बेबी तिथेच खेळायची. तिला त्यांचा आवाज आवडायचा."

"हे हातमोजे कोणाचे?"

"माझे."

"आईला का नाही दिले?"

"दिले होते एकदा. म्हणाली, मोजे घालून कोणी भांडी घासतं का. मी पुन्हा नाही म्हटलं."

"डॉक्टरांनी शिसं म्हटलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

तो पायरीवर बसला. "माझं लायसन्स गेलं असतं. बेबीला काढून नेली असती. सर, त्यांनी गुटीचं विचारलं, मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. बाकी मी काही बोललो नाही. बाकीचं सगळं तुम्हीच केलंत."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं मनात आलं. पण तो खोटं बोलत नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तो दोर मीच वळला होता आणि मावशी, मावशी म्हणत वळला होता. ठाण्यातला दुसरा कोणी अधिकारी असता तर त्याने विचारलं असतं, बाई, तुमच्या बोटांना हे काय लागलंय? त्याला चिंच माहीत नसती म्हणून विचारलं असतं. मला माहीत होती.

खटला उभा राहिला नाही. सरकारी वकिलांच्या मते निष्काळजीपणा सिद्ध करणं कठीण होतं. यंत्र, बादल्या, परात, सगळं घराबाहेर गेलं, त्याने परवाना परत केला आणि फाईल बंद झाली. मुलगी आता चार वर्षांची आहे. थोडं चालते. शब्द परत आले नाहीत.

फाईल बंद करताना त्याने एकच विनंती केली. "आईला सांगू नका. ती जगणार नाही." ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा उरली नव्हती, त्याच्या या एका गोष्टीशी मी सहमत झालो.

सहाण मी स्वतः कापडात गुंडाळून तिच्या पत्त्यावर पाठवली. आठवड्याने फोन केला. सांगितलं, मावशी, गुटीत काही नव्हतं, तुमची गुटी चांगली होती. पलीकडे ती रडली. आणि रडणं थांबल्यावर, मी जे विचारायला हवं होतं ते तिने विचारलं.

"मग कशानं झालं जी?"

दोन तास तिला खरं बोला, खरं बोला म्हणणारा मी. म्हणालो, "तपास चालू आहे." पोट दुखतं त्यासाठी रक्त तपासून घ्या, शिसं किती आहे तेही बघायला सांगा, एवढं म्हणालो. इथे ते कोणी तपासलं नव्हतं. तिचा विमा नव्हता आणि ती संशयित होती. का तपासायचं ते तिने विचारलं नाही. तपासलं की नाही, ते मी विचारलं नाही.

या केसने काय शिकवलं, असं मला विचारतात. शिकवलं एवढंच, की मारझोड न करताही खोटा कबुलीजबाब मिळतो. ज्याचा जीव गुंतलेला असतो, त्याला नुसतं हळू आवाजात विचारायचं. तो सगळं स्वतःवर घेतो. आणि आपला माणूस म्हणून ज्याला पाठवतात, तो निम्मे प्रश्न विचारतच नाही. हे शिकून आता उपयोग नाही. ज्यांच्यासाठी शिकायचं होतं, त्यांचं व्हायचं ते होऊन गेलं.

दर संकष्टीला तिचा फोन येतो. तब्येत विचारते, बर्फ किती पडला विचारते. घरातली पितळेची भांडी चिंच लावून घासून ठेवलीत म्हणते, नात आली की खेळेल. आणि ठेवताना विचारते, "सापडलं का जी?"

"तपास चालू आहे, मावशी."

"करा. नीट करा. मला घाई नाही."

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.