लॅबच्या रकान्यातली सही

"भट्टीत मेटल तयार हाय आणि लॅबचा कॉम्प्युटर मेलाय! येतासा का मुहूर्त काढू?"

मंगळवारी सकाळी हा फोन आला. बोलत होते बळवंत चौगुले, आमच्या फाउंड्रीतले भट्टीचे सुपरवायझर. त्यांना हळू बोलता येत नाही. मी चहा तसाच ठेवून पळालो. काय झालं असणार हे मला पळतानाच कळलं होतं.

थोडं मागचं सांगतो. मी कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. दोन प्लांट, एक हेड ऑफिस, जयसिंगपूरला गोडाऊन. सगळीकडचे मिळून नऊ सर्व्हर. सगळ्यांच्या फाइली या मशिनांवर असतात आणि बाकीचे कॉम्प्युटर दिवसभर त्यांच्याकडंच हात पसरतात. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशीन ज्याच्या जिवावर चालतं तो मूळ प्रोग्राम, फार जुनी झाली होती. बनवणाऱ्यांनी तिच्या दुरुस्त्या पाठवायच्याच बंद केल्या होत्या.

मालक, त्यांना सगळे दादा म्हणतात, मला म्हणाले, "दिवाळीच्या आत सगळं नवं करून टाका. पण प्रॉडक्शन एक मिनिट थांबता कामा न्हाय."

अपग्रेड करणं अवघड नसतं, अवघड असतं ते प्लॅनिंग. कुठला कॉम्प्युटर कुठल्या सर्व्हरशी बोलतो हे आधी शोधावं लागतं. जुन्या मशिनांची बोलायची पद्धत जुनी. नवा सर्व्हर सुरक्षेसाठी ती ऐकूनच घेत नाही. म्हणून प्रत्येक विभागात जाऊन चाचणी घ्यायची. मी त्यासाठी एक शीट बनवली. प्रत्येक विभागाची एक ओळ, शेवटी दोन रकाने: 'चाचणी झाली' आणि 'विभागाची सही'. दादांना कागद आवडतो. कागदावर सही दिसली की गडी खूश.

सात विभाग मी स्वतः फिरलो. राहिली लॅब. ती प्लांट दोनमध्ये, भट्टीच्या दारातच. भट्टीतल्या मेटलचा तुकडा तिथल्या मशिनात ठेवतात, ठिणगी पडते आणि त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती हे कळतं. तो रिपोर्ट सर्व्हरवर जातो, भट्टीच्या स्क्रीनवर दिसतो आणि मगच मेटल साच्यात ओततात.

लॅब सांभाळतात शबाना मुजावर मॅडम. कोडोलीहून रोज स्कूटीवर येतात. सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होत्या आणि त्याच महिन्यात त्यांचं पर्मनंटचं लेटर निघणार होतं. अख्ख्या कंपनीला माहीत होतं ते.

मॅडम स्वतःच माझ्या केबिनमध्ये आल्या. "सर, आमचा कॉम्प्युटर लई जुना हाय. रिपोर्ट थेट सर्व्हरवरच सेव्ह करतोय. एकदा येऊन बघा की."

"मॅडम, ठिणग्यांचं तुम्ही बघा, सर्व्हरचं मी बघतो. इथं सही करा."

"पण इथं चाचणी झाली असं लिहिलंय."

"होणारच आहे हो उद्या. दादा शीट मागायलेत. करा."

त्यांनी शीटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. का? मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. कंटाळा केला, बास. आणि वरनं मस्ती. इतकी वर्षं हेच करतोय, मला कोण शिकवणार!

सोमवारी साप्ताहिक सुट्टी. नऊच्या नऊ सर्व्हर एकामागून एक नवे केले. ग्रुपवर मेसेज टाकला. अंगठे आले, फुलं आली. मी हवेत.

मंगळवारी पहिल्याच तुकड्याला लॅबचा कॉम्प्युटर सर्व्हर शोधत बसला तो बसलाच. वितळलेलं मेटल फार वेळ धरून ठेवता येत नाही, बिघडतं. रिपोर्टशिवाय साच्यातही ओतता येत नाही. शेवटी चौगुल्यांनी ते सगळं तसंच ठोकळ्यांत ओतून टाकलं, म्हणजे माल वाया, पुन्हा वितळवायचा. सव्वाशे माणसं हात बांधून बसली. जुन्या सर्व्हरची कॉपी मी राखून ठेवली होती, ती उभी करून लॅब चालू करायला मला दोन तास लागले.

तोवर दादा लॅबमध्ये येऊन उभे. "कुणी केलं हे?"

शीट माझ्या हातात होती. काही ठरवून केलं नाही हो मी. नुसती पुढं केली आणि म्हणालो, "सगळ्या विभागांच्या सह्या आहेत, दादा."

एवढंच. त्यात एक शब्द खोटा नव्हता. त्याचीच जास्त लाज वाटते.

"मुजावर, ही सही तुमचीच न्हवं?"

"व्हय, दादा."

"चाचणी न बघता सही करता?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी स्क्रीनकडं बघितलं. स्क्रीनवर काहीही नव्हतं.

"चुकलं, दादा," त्या म्हणाल्या.

त्यांचं लेटर सहा महिने पुढं गेलं.

आठ दिवस मी गप्प बसलो. मग एकदा कॅन्टीनमध्ये चौगुले समोर येऊन बसले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सायब, तुमी लॅबला चाचणीला कवा आलतासा ओ? मी दिवसभर दारातच असतोय. मला तर दिसला न्हाईसा." आणि जेवायला लागले.

उठलो ते लॅबमध्ये गेलो. "मॅडम, दादांना खरं काय ते सांगू का मी?"

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "सांगायचं असलं तर सांगा, सर. मला कशाला विचारता? सांगा म्हटलं तर मी चहाडखोर, नको म्हटलं तर तुम्ही मोकळे."

त्याच दुपारी दादांना सगळं सांगितलं. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणूनच गेलो होतो. दादा हसले. "अवो, माणूस हाय, चुकतंय. येऊन सांगितलंसा, यात सगळं आलं."

"मॅडमचं लेटर?"

"त्याचा कागद फिरला आता. सहा महिनं काय, बघता बघता जातील."

महिन्याच्या मीटिंगमध्ये दादांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. म्हणाले, "चूक कबूल करायला छाती लागते. असा माणूस पाहिजे!" हॉलभर टाळ्या. मागच्या रांगेत मुजावर मॅडम बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या. खाली मान घालून मी तसाच उभा राहिलो. 'टाळ्या थांबवा, लेटर द्या' असं म्हणायला तोंड उघडलं नाही.

लॅबला नवा कॉम्प्युटर आला. मॅडमना लेटर मिळालं, सहा महिन्यांनीच. चाचणी स्वतः केल्याशिवाय मी आता कुणाची सही घेत नाही, एवढं शिकलो. पण चूक कबूल केली ती दादांपाशी. मॅडमची माफी मी अजून मागितलेली नाही. रोज गेटवर भेटतात, "नमस्कार सर" म्हणतात, आणि मी घाईत असल्यासारखा पुढं जातो.